मेलितोनचा आवाज

पाहुण्यासाठी कोंबडी पुरे की डुक्कर कापायचं, यावरून ताव्बेरिद्झ्यांच्या घरात सकाळपासून वाजलं होतं.

"येतंय कोण एवढं? जावई?" ओलिंपियादाने धाकट्या भावाला, दोमेंतीला, फैलावर घेतलं. "राजधानीतला गाण्याचा साहेब. आपल्याला जोखायला येतोय तो. जोखणाऱ्याला कोंबडी पुष्कळ झाली."

"कापितोन म्हणाला डुक्कर."

"कापितोन उद्या म्हणेल बहिणीला काप. आणि मी म्हणते, सरकारने माझ्या नावाने उत्सव काढला, ऑलिंपियाद, आणि बोलावणं तुम्हाला? मला साधं विचारलंसुद्धा नाही."

एरवी यावर दोमेंती पोट धरून हसला असता आणि मग तासभर भांडला असता. आता त्याने मान हलवली आणि कोंबडी धरायला परसात गेला. आमच्या गुरिया प्रांतात माणूस भांडेनासा झाला की शेजारी त्याची नाडी बघतात. दोमेंती वसंतापासून भांडत नव्हता, आणि त्याची नाडी बघायची कुणाला गरज नव्हती. सगळ्यांना कारण माहीत होतं, कारण सगळेच त्या सभेला हजर होते.

वसंतात शेजारची म्हातारी गेली. गावच्या सरकारी क्लबाने बँड पाठवला, लाल झेंडा पाठवला. माती टाकायच्या वेळी बँडवाले दम घ्यायला थांबले आणि दोमेंतीचा थोरला मुलगा मेलितोन कबरीशी उभा राहून जुनं चर्चचं गाणं गायला. म्हातारीने जिवंतपणी तसं वचन घेतलं होतं. त्याच आठवड्यात त्याला घेऊन गेले. मग क्लबात सभा भरली. मेलितोन ताव्बेरिद्झे लोकांचा शत्रू आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा, असं सांगण्यात आलं. त्याच्या बापाने हात वर केला. धाकट्या भावाने, कापितोनने, केला. तो तर क्लबाचा व्यवस्थापक, खुर्च्या त्यानेच मांडलेल्या. तेव्हापासून बापलेक एका ताटात जेवत होते, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हते.

मेलितोनची बायको देस्पिने त्या सभेत मागच्या बाकावर होती. तिला हात वर करायला कुणी सांगितलं नाही. तिला नंतर बोलावून सांगितलं, की नव्या वर्षाच्या आत घर आणि गाव सोडायचं. जाणार कुठे? माहेरच्या घराला तर आधीच सील लागलेलं.

आणि अशात हे आमंत्रण आलं. ताव्बेरिद्झ्यांचं त्रिकूट राजधानीच्या महोत्सवात हवं आहे. नावं लिहिलेली नव्हती, नुसतं 'त्रिकूट'. ज्यांनी लिहिलं त्यांना तिसरा कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून विचारायचं नव्हतं. कापितोनने मात्र ते आमंत्रण बुडत्याने काडी धरावी तसं धरलं. राजधानीच्या रंगमंचावर उभं राहिलेल्या घराला गावातलं कोण हात लावणार?

*

राजधानीचा पाहुणा, कॉम्रेड एलिझबार, दुपारी ट्रकमधून उतरला. सडपातळ माणूस, जाड चष्मा, शहरी बूट, आणि बूट गुडघाभर चिखलात. घराच्या लाकडी खांबांना हात लावत तो वर आला आणि म्हणाला, "काय सुंदर घर!" ओलिंपियादाचं त्याच्याबद्दलचं मत तिथेच अर्ध्याने सुधारलं.

पंगत बसली. अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी, मक्याची भाकरी, चीज, झाडावर चढलेल्या काळ्या द्राक्षांची घरची वाईन. पेले उचलताना बोलायचा मान घरच्या वडिलांचा. दोमेंती उभा राहिला. त्याने शांततेसाठी पेला उचलला, मग पाहुण्यासाठी, मग जमिनीसाठी. चौथा पेला गेलेल्यांसाठी. त्यात त्याने आपल्या बायकोचं नाव घेतलं आणि भाकरीच्या तुकड्यावर दोन थेंब वाईन सांडली.

यानंतरचा पेला कोणता हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. जे वाटेवर आहेत, घरापासून लांब आहेत, त्यांच्यासाठी. वडीलधाऱ्याने त्यांची नावं घ्यायची आणि सगळ्यांनी म्हणायचं, "सुखरूप येवोत."

दोमेंतीने पेला भरला. स्वयंपाकघराच्या दारात देस्पिने थाळी घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली. कापितोन चीज कापत होता, त्याची सुरी थांबली. दोमेंतीला पाहुण्याचा चष्मा दिसला, आणि चष्म्यामागचे डोळे खाली वळलेले दिसले. त्याला वाटलं, म्हणावं. एक नाव. स्वतःच्या पोराचं नाव घ्यायला बापाला कुणाची परवानगी लागते?

"आता," तो म्हणाला, "आपल्या नेत्यासाठी."

सगळे उभे राहिले. ओलिंपियादाने पेला उचलला, नाकाशी नेला आणि न पिता खाली ठेवला. "पोट बरं नाही माझं," ती म्हणाली. दोमेंती एका घोटात पेला रिकामा करून खाली बसला. जनाची नाही तर मनाची लाज असावी म्हणतात. त्याला दोन्ही होत्या, आणि काही उपयोग नव्हता.

*

कापितोनला लाजायला वेळ नव्हता. निदान तो स्वतःला तसं सांगत होता.

"तिसरे कुठे आहेत?" एलिझबारने विचारलं.

"हे काय. पोलिकार्पे. आमचे शेजारी, घरातलेच म्हणा."

पोलिकार्पे टोपी हातात घेऊन टेबलाच्या कडेला बसला होता. जेवताना त्याने मान वर केली नव्हती. आमचं गाणं तीन आवाजांचं. मधला आवाज सुरुवात करतो, शब्द त्याच्याकडे असतात. तो कापितोनचा. खालचा खर्ज दोमेंतीचा. आणि वरचा आवाज डोंगरावरच्या शेळीसारखा उड्या मारत जातो, त्याला शब्दच नसतात, नुसते स्वर. तो मेलितोनचा. एका आवाजाला एकच गळा. ताव्बेरिद्झ्यांच्या घरात नियम असा, की गाणारा मेला तर वर्षभर त्याचा आवाज कुणी घ्यायचा नाही. वर्ष झालं की त्याच्या कबरीशी जाऊन, त्याला ऐकवून, मग घ्यायचा. जिवंत माणसाचा आवाज घेण्याबद्दल नियमच नव्हता. असलं कुणी करेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कापितोनने गाणं उचललं. चाल जुनी, घोडेस्वाराची. शब्द नवे, त्यानेच जुळवलेले. चहाच्या मळ्यात पान हसतं आणि त्या पानात नेत्याचं हसू दिसतं, असे.

"पानात हसू?" ओलिंपियादा पुटपुटली. "पानात अळी असते."

खर्ज आला. मग पोलिकार्पेने तोंड उघडलं, वरचा सूर लावला आणि दुसऱ्याच उडीला तो चरचरून फाटला. पुन्हा घेतला. पुन्हा फाटला.

"थंडी बसलीय गळ्यात," पोलिकार्पे म्हणाला. "माफ करा. मला नाही जमायचं."

गेल्याच आठवड्यात हाच माणूस पुतण्याच्या लग्नात उजाडेपर्यंत गात होता. कापितोनला ते माहीत होतं आणि दोमेंतीलाही. पायऱ्यांपर्यंत दोमेंती त्याला सोडायला गेला. तिथे पोलिकार्पे हळूच म्हणाला, "रागावू नकोस दोमेंती. मेलितोन माझ्या लेकाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता आहे रे." आणि चिखलातून निघून गेला. दोमेंतीला त्याचे पाय धरावेसे वाटले. शेजाऱ्याला जे सुचलं ते बापाला सुचू नये.

इकडे एलिझबार बॅग आवरत होता.

"साहेब, थांबा. आठ दिवस द्या. माणूस शोधतो."

"कॉम्रेड कापितोन, दोन आवाजांचं गाणं मी कसं नेऊ? तिथे मला काम काय माहितीये? तुमच्यासारखी त्रिकुटं घ्यायची आणि त्यांच्याकडून प्रत्येक आवाजाला तीस माणसं शिकवून घ्यायची. नव्वद माणसं, एक गाणं, रोज अगदी तसंच."

"तीस माणसं एकदम शिंकली तर त्याला काय गाणं म्हणायचं?" ओलिंपियादाने विचारलं.

एलिझबारला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. कापितोनला घर डोळ्यांसमोर सील होताना दिसत होतं. तो हट्टाने पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागला, एकटाच. बापाने खर्ज धरला, बिचाऱ्याने, सवयीने.

*

देस्पिने चुलीपाशी बसून हे ऐकत होती. अकरा वर्षं तिने हे गाणं याच भिंतीआडून ऐकलं होतं. बायका हे गात नाहीत. पण मेलितोन तिला हसत म्हणायचा, "तू गा गं, भांडी घासताना कोण ऐकतंय?" आणि तिच्या चुका काढायचा. इथे नको चढूस, इथे श्वास घे, इथे जरा रेंगाळ, बाबांना वाट बघायला लाव. तिला त्याची प्रत्येक जागा पाठ होती.

तिच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती फार साधी होती. तो सुटून आला तर याच पायऱ्या चढून येईल. त्या वेळी ती या घरात असली पाहिजे. ज्या बाईची राजधानीला गरज आहे तिला गाव हाकलू शकत नाही. पण त्यासाठी आधी त्याला पुरावं लागणार होतं, या टेबलाशी, सगळ्यांसमोर. 'मला क्षमा कर,' ती मनात त्याला म्हणाली, 'आणि लवकर ये.' मग हात पुसले, दारात आली आणि वरचा आवाज उचलला.

कापितोनचा सूर क्षणभर डळमळला. दोमेंतीने डोळे मिटून घेतले. त्या खोलीत मेलितोन होता, त्याच्या सगळ्या खोड्यांसकट. दोमेंतीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सुखाने आलं, याचीच त्याला सर्वांत जास्त शरम वाटली.

गाणं संपलं. ओलिंपियादा ताडकन उठली.

"पुरलंस? स्वतःच्या हातांनी पुरलंस त्याला?"

"आत्या, गप्प," कापितोन म्हणाला.

एलिझबारने चष्मा काढून रुमालाने पुसला. बराच वेळ पुसला. "हे मी ऐकलंय," तो म्हणाला. "नदीपलीकडे एका लग्नात. मी तेव्हा विद्यार्थी होतो, गाणी टिपत फिरायचो. गाणारा एक तरुण होता..." तो थांबला. "नको. नाव नका सांगू मला."

कुणी सांगतही नव्हतं.

"बाई असली तर समितीला आवडेलच," तो भानावर येऊन म्हणाला. "नवी स्त्री वगैरे. पण परिचय वाचतात तिथे. या तुमच्या कोण?"

"वहिनी," कापितोन बोलून गेला.

"कोणत्या भावाची बायको?"

कापितोनने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बाहेर ट्रकचा चालक कुणाला तरी शिव्या देत होता, तेवढंच ऐकू येत होतं. आणि मग बोलली ती ओलिंपियादा, जी आत्ताच अंगावर धावून आली होती.

"वहिनी कुठली! याची जीभ आज वाईनमध्ये बुडालीय. ती बहीण आहे याची. दोमेंतीची लेक."

एलिझबारने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने दोमेंतीला विचारलं, अगदी हळू, डॉक्टरने विचारावं तसं, "मुलं किती तुम्हाला?"

दोमेंतीने सुनेकडे पाहिलं. नाही म्हणा, असं तिने डोळ्यांनी खुणावलं असतं तर तो नाही म्हणाला असता, असं तो पुढे आयुष्यभर स्वतःला सांगत राहिला. तिने खुणावलं नाही. तिने मान किंचित खाली केली, हो म्हणायला सांगितल्यासारखी.

"एक मुलगा," दोमेंती म्हणाला. "आणि एक मुलगी."

"छान," एलिझबार म्हणाला. त्याच्या आवाजात छान काही नव्हतं. "पिता, पुत्र, कन्या. फलकावर शोभून दिसेल." पायऱ्या उतरताना तो कापितोनला बाजूला घेऊन म्हणाला, "दोन गोष्टी. समिती मला दर वेळी विचारते, वरचा आवाज म्हणतो तरी काय? शब्द नाहीत म्हटलं तर म्हणतात, मग लपवलंय काय? तर तिथे नेत्याचं नाव घाला. आणि त्या जागा, ते रेंगाळणं, त्या उड्या, त्या काढा. मी ओळखल्या, तर दुसराही कुणी ओळखेल. सरळ गा. शाळेत गातात तसं." मग चिखलात पाय टाकताना म्हणाला, "मला हे सांगायला आवडतंय असं समजू नका."

"तुमच्या आवडीचं आम्ही काय करू, साहेब?" कापितोन म्हणाला. वसंतापासून त्याने उच्चारलेलं हे पहिलं धीट वाक्य होतं, आणि तेही ट्रकच्या आवाजात वाहून गेलं.

*

ट्रक गेल्यावर घरात उलटसुलट भांडण सुरू झालं.

"तूच बोललीस ना 'लेक' म्हणून?" कापितोन आत्यावर घसरला. "आधी पुरलंस म्हणून ओरडतेस, मग तूच माती लोटतेस!"

"मग काय करू? तिला रस्त्यावर आणू? तू तर बेडकासारखा बसला होतास तोंड उघडं टाकून!" ओलिंपियादा रडत होती आणि ओरडत होती. "माझ्या जिभेला किडे पडोत. मेलितोनला कडेवर घेऊन फिरले मी, आणि आज म्हटलं तो जन्मलाच नाही."

"आत्या, तुम्ही मला वाचवलंत," देस्पिने म्हणाली.

"वाचवलं म्हणू नकोस गं. तो शब्द नको लावूस याला."

कापितोन खिडकीकडे तोंड करून उभा होता. "वहिनी, सराव..." तो म्हणाला आणि थांबला. जीभ चावली. "सवय करायला हवी. तिथे चुकून तोंडातून गेलं तर सगळेच जाऊ." लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो पोरसवदा होता, तिच्या ताटातलं चोरून खायचा. "ताई," तो शेवटी म्हणाला. "सराव करू या, ताई."

"हो," देस्पिने म्हणाली. 'भावजी' तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने आवरलं. "हो, कापितोन."

दोमेंती बाकावर येऊन बसला. तिघांनी गाणं धरलं. शब्द नवे, वर नेत्याचं नाव, उड्या काढलेल्या. देस्पिने सरळ गात होती, शाळेतल्या मुलीसारखी, नजर टेबलावर. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी दोमेंती थांबला. खर्ज तसाच धरून, पुढचा सूर न घेता. तिथे मेलितोन रेंगाळायचा. कधी थोडं, कधी खूप, लहर येईल तसं, आणि तो फिरून खाली उतरेपर्यंत बापाने खर्जावर वाट बघायची, असं त्यांचं पोर मोठं झाल्यापासून चालत आलेलं होतं. देस्पिने आणि कापितोन पुढे निघून गेले होते. खर्ज एकटाच मागे राहिला.

"बाबा," कापितोन म्हणाला, "इथे थांबायचं नाही आता."

"हो. चुकलो."

पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा त्याच ठिकाणी दोमेंती थांबला. ठरवून नाही. त्याचा श्वासच तिथे थांबायचा.

"बाबा, पुढे चला. तिथे कुणी येणार नाही."

ओलिंपियादा उठून बाहेर गेली. दोमेंतीने धाकट्याकडे पाहिलं, वसंतानंतर पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत, आणि तिथे आपलीच लाज त्याला बघायला मिळाली. त्याने मान हलवली. "घे," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा ती जागा आली. दोमेंतीला ती लांबूनच दिसली होती. त्याने श्वास मोडला आणि बाकीच्यांबरोबर पुढे गेला. कुठे अडलं नाही, कुठे खटकलं नाही. तिघे एकदम सुरू झाले आणि एकदम संपले.

"आता जमलं," देस्पिने म्हणाली, आणि तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "जमलं तुम्हाला, बाबा."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जमलं होतं, यात काही खोटं नव्हतं.